अकरा पिक्सेल

फाईल उघडली की आधी आकडे.
एकाच बटणाचे तीन पत्ते:
सहाशे चाळीसच्या पडद्यावर इथे,
बाराशे ऐंशीच्या पडद्यावर तिथे,
अडतीसशे चाळीसची जागा अजून रिकामी,
ती मी भरायची आहे, गुरुवारपर्यंत.

शून्य असतं डावीकडे, वरच्या कोपऱ्यात.
इथे खाली उतरणं म्हणजेच वाढणं,
नव्या पोरांना हे दोनदा सांगावं लागतं.
चौकटीतला शब्द आपलं अंतर
चौकटीच्या कोपऱ्यापासून मोजतो,
चौकट सरकली की निमूट मागोमाग जातो.
जे दिसायचं नाही, त्यालाही जागा दिलेली:
दृश्य: नाही. रुंदी: दोनशे दहा.

ओउलूमध्ये तीनलाच अंधार पडलाय.
यार्को दारातून म्हणतो,
हेल्का, तो सहाशे चाळीसचा भाग काढून टाक,
असला टीव्ही आता कुणाच्या घरी आहे?

लोकांना वाटतं, निमकी म्हटली की झालं.
पण मोठा पडदा लहान करताना
आडवं होतं निम्मं आणि उभं दोन तृतीयांश,
सरळ भागाकार केलात
तर सूर्याचं अंडं होतं, उभं.
त्यात जुने टीव्ही कडा खायचे, चारी बाजूंनी बोटभर.
म्हणून ताइस्तो एक अख्खा हिवाळा
लोकरी मोजे घालून, गालात खारट काळी गोळी धरून,
एकेक आकडा हाताने बसवत राहिला.

शहाण्णव. शहाण्णव. शहाण्णव.
मेनूच्या सगळ्या ओळी एका रेषेत.
फक्त 'पुढे चालू' पंच्याऐंशीवर.
अकरा कमी,
आणि तेही फक्त जुन्या पडद्यासाठी.
अर्ध्या पिक्सेलसाठी झोप मोडणारा माणूस,
त्याची चूक?
विचारायला तो नाही. चार वर्षं झाली.

नदीवरचा पूल ओलांडून तुइराला गेले,
सायकल अर्धी ढकलतच.
साइमीने टीव्ही ठेवलाय अजून,
प्रेमबिम नाही, म्हणाली,
तीन मजले खाली कोण नेणार हे धूड.
डिस्क घातली. काच हळूहळू तापली.
डावीकडे एक जांभळा डाग,
त्याच्या अलीकडे, केसभर अंतर राखून,
थांबलेला तो शब्द.

ओन्नीने स्पीकरचं लोहचुंबक लावलं होतं काचेला,
सहा वर्षांचा होता.
नुकतं वाचायला लागला होता ना,
शेवटचं अक्षर जांभळ्यात गेलं की अडायचा,
रडायचा.
एवढं सांगून साइमी कॉफी ओतायला गेली.

म्हणजे ज्या ज्या घरी जुना टीव्ही होता,
कुठे कुठे, कुणाकुणाच्या,
तिथे तो शब्द अकरा पिक्सेल सरकून उभा राहिला
एका पोराच्या डागासाठी,
आणि कुणीच तक्रार केली नाही.
ओन्नी आता सव्वीसचा. केमीच्या बंदरात क्रेन चालवतो.
फोनवर म्हणाला, कसला डाग?

बुधवारी रात्री मी तो भाग काढून टाकला.
तीनशे बारा ओळी, एका बोटाने.
मग नव्या रकान्यात आकडे भरत गेले,
पाचशे शहात्तर, पाचशे शहात्तर,
आणि एका ओळीपाशी थांबून
शाळेतल्यासारखं पुटपुटले:
अकरा सक सहासष्ट.
पाचशे दहा.

सकाळी तपासणीतल्या किर्सीचा शेरा आला:
'पुढे चालू' रेषेत नाही,
सहासष्ट पिक्सेल डावीकडे गेलंय, दुरुस्त करावं.

तिची नजर चांगली आहे.
मी लिहिलं, बरोबर आहे ते,
आणि शेरा मिटवला.